उसना विस्तव

कासिन्यालमध्ये कुणाची चूल विझली तर त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. मडकं घ्यायचं, तळाशी दोन मुठी राख घालायची आणि ज्या छपरातून धूर निघताना दिसेल त्या दारात जाऊन उभं राहायचं. घरची बाई "ये गं" म्हणायची, बाकावरची पोरं उठवून जागा करायची आणि मगच चिमट्याला हात लावायची. उभ्या उभ्या विस्तव द्यायची पद्धत नव्हती. घाईने दिलेला विस्तव घरी पोचत नाही, असं बायका म्हणत. खरं कारण वेगळं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. घाईने दिला तर कुणाची गाय आटली, कुणाची सून रुसली, हे कळायचं कसं? मडक्यात निखारे पडायचे, त्यांवर पुन्हा राख पडायची, कारण राख जितकी जास्त तितका विस्तव जास्त टिकतो, आणि तोवर निम्म्या गावाची हजेरी घेऊन झालेली असायची.

सगळे यायचे ते बहुतेक पेरोनाकडेच. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिची चूल विझली नव्हती. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा तिने आधी निखारे राखेत पुरले आणि मग रडायला बसली. त्याचा तिला तोरा होता. गावानेही तो चालवून घेतला, कारण मडकं घेऊन जायला एक खात्रीचं दार असलेलं बरंच असतं.

मग टेकडीवर बोनगार्दा वसलं. वसलं म्हणजे काय, राजाच्या माणसाने आणि मठाधिपतीने मिळून रिकाम्या माळावर एक खांब रोवला, तुतारी वाजवली आणि दवंडी पिटली: या, जागा घ्या, वर्षाच्या आत घर बांधा. कासिन्यालसारखी मठाची वेठबिगार नाही. मठाच्याच गिरणीत दळायची सक्ती नाही. लेकीच्या लग्नाला कुणाची परवानगी नको. ज्याने वर्षभर नीट राहून हिवाळ्याच्या तोंडाशी, संत मार्तिनच्या दिवशी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, तो मोकळा माणूस; मठाचा त्याच्यावर काडीचा हक्क नाही. हे ऐकल्यावर कोण थांबतंय? आधी तरणी पोरं गेली, मग त्यांच्या बायका, मग ज्यांनी "आमची हाडं इथंच पडणार" म्हणून छाती बडवली होती तेही गेले. जाताना नुसते गेले नाहीत. घरं उतरवून, तुळया बैलगाडीवर घालून गेले. म्हाताऱ्याच्या तोंडातून दात जावेत तसं एकेक घर गेलं.

पेरोनाचा मुलगा आर्नो पिंपं बनवायचा. द्राक्षाचा हंगाम आला की नदीकाठच्या धक्क्यावर जाऊन राहायचा आणि दारू भरायच्या पिंपांच्या फळ्या ठोकायचा. त्याने बोनगार्दात जागा घेतली आणि आईला न्यायला आला. तोवर कासिन्यालमध्ये धूर निघणारं छप्पर एकट्या पेरोनाचंच उरलं होतं.

"तू इथं कुणाशी बोलतेस गं?" घराच्या तुळया उतरवता उतरवता त्याने विचारलं.

"तू आलास की तुझ्याशी," ती म्हणाली.

घराच्या तुळयांवर बसून ती निघाली. मांडीवर मडकं होतं आणि मडक्यात तिच्या चुलीतला विस्तव, वर बोटभर राख. वाटेत तीनदा गाडी थांबवून तिने राख चाचपली. आर्नो वैतागला.

बोनगार्दाच्या वेशीवर पहारेकऱ्याने मडक्यात डोकावून पाहिलं. "हे काय? विस्तव? उघडा विस्तव रस्त्यातून न्यायचा नाही. लाकडाची घरं आहेत, बाई. कायदा आहे."

"अरे, पण उघडा कुठंय? राखेत आहे."

"राखेत असो नाहीतर राणीच्या पदरात असो."

आणि त्याने शेजारच्या पिंपातलं पाणी मडक्यात ओतलं. फस्स झालं. मडक्यातून करडं पाणी तिच्या घागऱ्यावर सांडलं. लग्नापासूनचा विस्तव. आर्नो खाली मान घालून बैलांना चुचकारत राहिला. वेशीवर वाद घालून चालणार नव्हतं. शपथ व्हायची होती.

त्या संध्याकाळी त्याने नव्या चुलीसमोर बसून कमरेची चकमक काढली. दगडावर पोलाद दोनदा घासलं, कापूस धुमसला, काटक्या पेटल्या. "बघ, झालं! आता कुणाच्या दारात जायला नको," तो हौसेने म्हणाला आणि चकमक तिच्या हातात ठेवली. "ही तुझ्याकडेच ठेव. मी दुसरी घेतो."

कासिन्यालमध्ये चकमक असायची ती वाटसरूच्या नाहीतर शिपायाच्या कमरेला. ज्याला शेजार नाही त्याने ती बाळगावी. पेरोनाने ती भिंतीतल्या कोनाड्यात, लसणाच्या वेणीमागे सारून दिली.

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. बोनगार्दात चुली दगडाच्या होत्या, छपरावर कौलं होती आणि दोन घरांच्या भिंती एकमेकींना टेकत नव्हत्या. आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मध्ये हातभर सांद सोडलेली. आग जात नव्हती हे खरं, पण दुसरंही काही जात नव्हतं. सगळ्या जागा एका मापाच्या, सगळी दारं एका रांगेत, आणि सगळी बंद. कासिन्यालचीच माणसं होती की त्यात! पण ती चौकातल्या कमानींखाली भेटायची, हातात काहीतरी विकायला किंवा विकत घ्यायला घेऊन. "काय काकू, बरं आहे ना?" म्हणायची आणि उत्तर यायच्या आत पुढच्या दुकानाशी पोचायची. बाजाराचा दिवस म्हणजे माणसांचा पूर, आणि त्या पुरात पेरोना कोबी हातात धरून उभी, कुणी ओळखीचं थांबेल म्हणून.

आर्नो हंगामाला गेला. जाताना त्याने तिला कडी-कोयंडा दाखवला, पिठाचं पोतं दाखवलं आणि म्हणाला, "आई, मार्तिनपर्यंत फक्त सांभाळून. काही चूकभूल झाली तर जागा परत घेतात. मठाचा कारभारी टपूनच बसलाय. एकदा इथून बाहेर पडलो की मी पुन्हा त्याचा वेठीचा माणूस, जन्मभर."

"मी काय करणार आहे?" ती म्हणाली. "मी आणि कोंबडी."

दिवसभरात तिच्या तोंडून कोंबडीला हाक मारण्यापुरते शब्द निघत. संध्याकाळी झाकणघंटा व्हायची, म्हणजे विस्तव राखेखाली झाका, दिवे मालवा, रस्त्यावर फिरू नका. घंटा झाली की सांदीपलीकडच्या घरातून भांड्यांचे आवाज येत, कुणी खोकलं तर ऐकू येई. पेरोना भिंतीला पाठ लावून बसायची आणि पलीकडच्या बाईला चरबी कढवताना ऐकायची. ती बाई गालार्दा. मेणबत्त्या ओतून चौकात विकायची. नवरा नव्हता, होता तो कुठल्याशा बंदरात दुसरीबरोबर नांदत होता असं लोक म्हणत. पेरोनाला एवढं कळलं होतं तेही चौकात, दुसऱ्यांच्या तोंडून.

एकदा खरोखरच चूल विझली. लाकडं ओली होती, राख नीट बसली नाही, आणि सकाळी पाहते तो चूल गार. पेरोना आधी चरकली. आयुष्यात पहिल्यांदा! मग तिच्या लक्षात आलं की आता मडकं घेऊन बाहेर पडता येईल. तिने डोक्याचा रुमाल बदलला, मडकं शालीखाली धरलं, सांद ओलांडून गालार्दाचं दार ठोठावलं.

"कोण?"

"मी, शेजारची. चूल विझलीय गं. विस्तव हवा होता."

दार उघडलं. गालार्दा हातातल्या चरबीच्या पळीसकट हसली. "या मावशी, या. आमच्या गावी पण असंच होतं. किती वर्षांत कुणी विस्तव मागितला नाही मला! बसा, बसा. घाईने नेऊ नये म्हणतात ना?"

पेरोना बसली. गालार्दाने तिला लसणाचं कढण दिलं, त्यात पाव बुडवून दिला. मेंढीच्या चरबीपेक्षा बैलाची बरी की वाईट, यावर दोघींनी खल केला. नवऱ्याचा विषय गालार्दानेच काढला. "मेला तिकडेच बुडो," म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की पळी खाली पडली. घरी येऊन पेरोनाने चूल पेटवली, राळ्याची पेज ठेवली आणि स्वतःशीच गुणगुणत बसली. आपण गुणगुणतोय हे तिला नंतर कळलं.

पुढचे काही दिवस ती चूल विझायची वाट बघत राहिली. पण लग्नापासूनची सवय, हात आपोआप राख बरोबर घालायचे. विस्तव काही विझेना.

शेवटी एके सकाळी तिने तांब्याभर पाणी घेतलं आणि स्वतःच्या हाताने चुलीत ओतलं. फस्स झालं, वेशीवर झालं होतं तसंच.  असलं काम दारुड्या नवऱ्याची भांडखोर बायकोही करत नाही. पण तिने मडकं उचललं.

गालार्दाने त्याही वेळी बसवलं, पण काम हातात ठेवून. तिसऱ्या वेळी कढण नव्हतं. चौथ्या वेळी दार अर्धंच उघडलं आणि चिमट्यातून निखारे बाहेर आले.

"पुन्हा विझली? मावशी, घरात चकमक नाही का हो? तुमच्या आर्नोच्या कमरेला बघितली मी."

"आहे की. हाताला जमत नाही ती."

"म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा! मी दाखवते कशी लावायची. हिवाळ्याच्या आधी मला अख्ख्या चौकाच्या मेणबत्त्या ओतायच्यात, मावशी. राग मानू नका."

"राग कसला?" पेरोना म्हणाली. त्या दिवशी घाईने दिलेला विस्तव खरंच घरी पोचेस्तोवर विझला. ती परत गेली नाही. कोनाड्यातून चकमक काढली, चूल पेटवली आणि चकमक पुन्हा लसणामागे टाकली.

तरीही ती थांबली नाही. काय करणार? माणूस भुकेला असला की शिळंही मागतो. एका बाजाराच्या दिवशी वारा सुटला होता. बाजाराच्या दिवशी दुपारी गालार्दा चौकात गेलेली असे, म्हणून पेरोना संध्याकाळपर्यंत थांबली. झाकणघंटा व्हायच्या जरा आधी तिने चूल विझवली आणि गेली. गालार्दा दमलेली होती. तिने न बोलता मडक्यात निखारे टाकले, राख टाकायला विसरली आणि दार लावून घेतलं. तेवढ्यात घंटा झाली. रस्त्याने गेलं तर पहारेकऱ्याला दिसणार, म्हणून पेरोना सांदीत घुसली. सांदीत वाऱ्याचा झोत होता. मडक्यातून दोन-तीन ठिणग्या उडाल्या, गालार्दाच्या मागच्या पडवीत मेणबत्त्यांच्या वातींसाठी वाळत घातलेल्या धाग्यांवर पडल्या. मागे चरबीची पिंपं होती.

आग विझवली लोकांनी. चौकातल्या विहिरीपासून रांग लावून, बादल्या, घागरी, दारूच्या पिंपातलं पाणी, जे मिळेल ते ओतून. कुणी मेलं नाही. पडवी गेली, गालार्दाने हिवाळ्यासाठी ओतलेल्या सगळ्या मेणबत्त्या गेल्या. पेरोना सांदीच्या तोंडाशी मडकं छातीशी धरून उभी होती, आणि तिला लपवायचंही सुचलं नाही.

आर्नोला धक्क्यावरून बोलावून आणलं. तो आला तो थेट चौकातल्या कमानीखाली, जिथे नगरपंच बसत. पंचांचा मुख्य होता बर्त्रान, मिठाचा व्यापारी, कासिन्यालचाच. समोरच्या फळीवर पेरोनाचं मडकं ठेवलेलं होतं. अर्धा गाव कमानीखाली उभा होता, आणि कित्येक दिवसांत प्रथमच सगळे पेरोनाकडे पाहत होते.

"काकू," बर्त्रान म्हणाला. त्याने घसा खाकरला. "काकू, चूल विझली कशी ते सांगा. धुराड्यातून पाणी आलं असेल. नाहीतर लाकडं ओली असतील. असंच काहीतरी असणार ना?"

"विसरते ती," आर्नो घाईने म्हणाला. "वय झालंय. यापुढे मी चुलीला कुलूप लावेन, लावा म्हणाल तर."

पेरोनाला हे लागलं. "काही विसरत नाही मी. बर्त्रान, तू जन्मलास त्या सकाळी पाणी तापवायला विस्तव माझ्याकडून गेला होता. तुझी आजी घेऊन गेली, आणि जाताना माझा चिमटाही घेऊन गेली, तो परत आला नाही. हे विसरले का मी?"

लोक हसले. बर्त्रानही हसला असता, पण पंच होता.

"मग विझली कशी?"

"मी विझवली. पाणी ओतून."

"कशाला?"

"विस्तव मागायला जायला."

 मग गालार्दा पुढे आली. तिचे हात भाजलेले होते, चिंध्या गुंडाळलेल्या. "म्हणजे माझं दुकान गप्पांपायी जळलं? मावशी, बसायला येते म्हणायचं होतं ना सरळ. मी नाही म्हटलं असतं का?"

"निमित्ताशिवाय कुणाच्या दारात जाऊन बसतं का कुणी?" पेरोना म्हणाली. "मी काय भिकारीण आहे?"

 गालार्दा रागातच होती, तिचा राग खोटाही नव्हता. पण ती मागे जाऊन खांबाला टेकून उभी राहिली आणि मग पुढे आली नाही.

बर्त्रानने कायदा सांगितला. सांगताना तो मडक्याकडे बघत होता. ज्याच्या घरच्या माणसाने रस्त्यातून उघडा विस्तव नेला आणि आग लागली, त्याची शपथ झालेली नसेल तर जागा परत घ्यायची. माणूस उपरा असेल, पाहुणा असेल, तर त्याला घंटेच्या आत वेशीबाहेर काढायचं आणि पुन्हा आत घ्यायचं नाही. घरमालकाला त्याची तोशीस नाही.

 गर्दीच्या कडेला मठाचा कारभारी उभा होता, आणि तो आर्नोच्या खांद्यांकडे बैल पारखावा तसं बघत होता. पेरोनाने ते पाहिलं. आपल्या हातून काय झालंय ते तिला तेव्हा पुरतं कळलं. पडवी गेली ती गेली, पण पोराचं अख्खं आयुष्य त्या मडक्यात होतं.

"मग सोपं आहे," ती म्हणाली. "मी इथली नाहीच. मी कासिन्यालची. पाहुणी आहे मी याच्याकडे."

"काकू..."

"इथं आल्यापासून मला कुणी इथली म्हटलंय का? विचार यांना."

 बर्त्रानला वाट दिसली, आणि त्याने ती धरली. दुसरं काय करणार होता? "आर्नो," त्याने विचारलं, "ही तुझ्या घरची की पाहुणी?"

आर्नोने आईकडे पाहिलं. तिने डोळ्यांनी खुणावलं, लहानपणी त्याला कडू औषध देताना खुणवायची तसं: घे पटकन. तरी तो थांबला. पेरोनाला वाटलं, तेवढं थांबला हे पुष्कळ झालं. आणि लगेच वाटलं, थांबूच नये त्याने, नाही म्हणावं, ओरडावं, माझी आई आहे म्हणावं, जाऊ दे जागा चुलीत.

"पाहुणी," आर्नो म्हणाला.

वेशीपर्यंत तो बरोबर आला. पाठीवर पिठाची पिशवी होती, ती त्याने तिच्या खांद्यावर दिली. मडकं पंचांनी ठेवून घेतलं होतं. त्याने तिची चकमक घरातून आणली होती, तिच्या हातात दिली. चकमकीला लसणाचा वास येत होता.

"शपथ झाली की येतो," तो म्हणाला. "काहीतरी करू."

"घंटा व्हायच्या आत जा," ती म्हणाली.

कासिन्यालमध्ये तिचं घर नव्हतं. त्याच्याच तुळया बोनगार्दात आर्नोच्या डोक्यावर होत्या. उभी होती फक्त गावची भट्टी, दगडाची, कारण ती मठाची होती आणि दगड उचलून न्यायला कुणाला वेळ नव्हता. आधी सगळं गाव तिथं पाव भाजायचं. पेरोनाने भट्टीच्या तोंडाशी पेंढा अंथरला आणि वाऱ्याला आडवं म्हणून एक मोडकं फाटक लावलं. मग इकडेतिकडे पाहिलं. सवय हो, दुसरं काय. कुठल्या छपरातून धूर निघतोय ते बघितलं. छप्परंच नव्हती. मग तिने चकमक काढली. कासिन्यालमध्ये चकमकीने पेटलेला तो बहुधा पहिला विस्तव असेल.

तो तिने विझू दिला नाही. बोनगार्दात शेकडो चुली होत्या तेव्हा ती स्वतःची चूल पाण्याने विझवायची. इथं कुणीच नव्हतं तर रात्री दोनदा उठून राख चाचपायची. कुणासाठी विझवायची? जंगलात पडलेले चेस्टनट तिने गोळा केले, भाजले, वाळवले. सलगम लावले, बरे आले. कधीतरी मठाचा मेंढपाळ जायचा, तो दुरून हात करायचा. एकदा तो जवळ आला आणि पिठाची पिशवी ठेवून गेला.

"कुणी दिली?" तिने विचारलं.

"पिंपवाल्या आर्नोने."

"तो कसा आहे?"

"शपथ झाली त्याची. आता मोठा माणूस." मेंढपाळाने मेंढ्यांना शीळ घातली. "तुम्ही त्याच्या कोण?"

पेरोनाने पिशवी उचलली. "गावची," ती म्हणाली.

नाताळ गेला. बर्फ पडलं, वितळलं. मार्तिनची शपथ होऊन किती दिवस झाले हे मोजायचं तिने सोडलं, कारण मोजलं की रागच यायचा. येतो म्हणाला होता. नव्याचे नऊ दिवस, तिने स्वतःला समजावलं. नवं गाव, नवी शपथ, रमला असेल. मग कोंबडी नाही म्हणून ती भट्टीशीच बोलायची. भट्टी निदान ऊब तरी देत होती.

चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादाला नेतात त्या सणाच्या आसपास, एका दुपारी, वाटेवर माणूस दिसला. जवळ आला तेव्हा त्याच्या हातात मडकं दिसलं. तिचंच, काठाला टवका उडालेलं. पंचांकडून सोडवून आणलं असणार. आर्नो भट्टीसमोर येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"आई," तो म्हणाला. "चूल विझलीय. विस्तव हवा होता."

बोनगार्दा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आणि त्याच्या कमरेला, पट्ट्यात, नवी चकमक लटकत होती. तिने ती पाहिली. तिने पाहिली हे त्यानेही पाहिलं, आणि हाताने ती झाकली. तीही कशी झाकली, तर ती शालीखाली मडकं धरायची तशी, ओशाळ्या हाताने. 

"ये," ती म्हणाली. पेंढ्यावरची तिची शाल उचलून तिने जागा केली. "बस. घाईने दिलेला विस्तव घरी पोचत नाही."

तो बसला. तिने त्याला भाजलेले चेस्टनट दिले. त्याने ते सोलले, खाल्ले नाहीत, हातात धरून ठेवले. गालार्दाची पडवी त्याने बांधून दिली होती, तिने नव्या मेणबत्त्या ओतल्या होत्या, त्यातली एक त्याच्याबरोबर पाठवली होती, ती त्याने खिशातून काढून दिली. गालार्दा म्हणाली होती की मावशींना सांग, पुढच्या वेळी निमित्त नको. पुढची वेळ येणार नाही हे त्या बाईला कळत नव्हतं असं नाही. बर्त्रान आणखी जाड झाला होता. कुणाची तरी सून माहेरी गेली होती. पेरोनाने सगळं विचारलं, एकेक करून, आणि त्याने सगळं सांगितलं, आणि ऊन भट्टीच्या तोंडावरून हळूहळू सरकलं.

"मी पाहुणी म्हणालो," शेवटी तो म्हणाला.

"मीच म्हणायला लावलं."

"तरी मी म्हणालोच ना."

"हो," पेरोना म्हणाली. "म्हणालास." आणि तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कारण हे खोटं पाडण्यात काही अर्थ नव्हता आणि तो तिचा मुलगा होता.

मग ती उठली. त्याच्या मडक्यात तिने चांगले लाल निखारे घातले, चिमट्याने निवडून. वाटेतल्या पुलापर्यंत पोचायच्या आत ते विझणार, आणि नाही विझले तर वेशीवर पहारेकरी पाणी ओतणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने मडकं दोन्ही हातांनी धरलं.

राख घालायला ती वाकली. मुठीत घेतली, मडक्यावर हात धरला आणि चिमूटभरच सोडली. बाकीची परत भट्टीत टाकली, म्हणजे विस्तव लवकर विझेल आणि त्याला पुन्हा यावं लागेल.